हवेच्या बोटीचा उकललेला जोड, नाकारलेली वॉरंटी आणि अपुरे लाइफ जॅकेट याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

गळाने मासे धरण्याची हौस असणाऱ्यांसाठी आपण विकत असलेला दोन माणसांच्या हवेच्या बोटीचा संच मी घेतला. एप्रिलअखेरीस रामटेकजवळ खिंडसी तलावाच्या काठावर, बोट पाण्यात उतरवण्याआधीच, डाव्या नळीचा जोड वल्ह्याच्या कडीपासून मागे वीतभर उकलला. कापड कुठेही फाटलेले नाही. दोन पदरांमध्ये वाळून पापुद्रे सुटलेला पिवळसर गोंद तेवढा दिसतो. छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

त्यावर "ग्राहकाने प्रमाणाबाहेर हवा भरली" असे एका ओळीत कळवून आपण वॉरंटी नाकारली, हे मला मान्य नाही. हवा किती दाबाने भरायची याचा आकडा ना माहितीपुस्तिकेत आहे, ना व्हॉल्व्हजवळ छापलेला. संचात दाबमापक नाही आणि "नळी कडक होईपर्यंत भरा" एवढीच सूचना आहे. जे प्रमाण आपण सांगितलेच नाही, ते मी ओलांडले हे कशावरून ठरवले? शिवाय 25 अंश तापमानाला 3 पीएसआय दाबाने भरलेल्या नळीतील हवा उन्हात 45 अंशांपर्यंत तापली, तर नळी फारशी न ताणता तोच दाब 4 पीएसआयच्या वर जातो. विदर्भात माल विकणाऱ्याने, जादा दाब आपोआप सोडणारा व्हॉल्व्ह देणे परवडत नसेल तर, काठावर बोट उन्हात ठेवताना थोडी हवा काढावी एवढे तरी छापायला हवे होते.

लाइफ जॅकेटची बाब याहून गंभीर आहे. माझ्या धाकट्या भावाला पोहता येत नाही, हे खरेदीपूर्वी आपल्या विक्री प्रतिनिधीला सांगूनही जे जॅकेट पाठवले, त्याच्या आतल्या पट्टीवर 50 न्यूटन (माणसाला तरंगत ठेवणाऱ्या जोराचे माप) असा आकडा आहे. आयएसओ 12402 या लाइफ जॅकेटच्या आंतरराष्ट्रीय मानकांनुसार ही पातळी पोहता येणाऱ्यांसाठी आणि मदत जवळ असतानाच्या वापरासाठी आहे. शांत पाण्यासाठीची लाइफ जॅकेटची पातळी 100 न्यूटनपासून सुरू होते.

तरी संचाची पूर्ण रक्कम परत करून तो आपल्या खर्चाने परत न्यावा आणि जाहिरातीत जॅकेटची न्यूटन पातळी स्पष्ट नमूद करावी. 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर आणि ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवीन. बोट तपासणीसाठी आहे त्या स्थितीत ठेवली आहे.

आपला ग्राहक,
नागपूर

सोबत : खरेदीची पावती, छायाचित्रे, आपल्या नकाराच्या पत्राची प्रत