उद्यमनगरातल्या मामांस: नळीचं ते टोक तुम्ही पुसून दिलंत

मामा,

सप्रेम नमस्कार.

शनिवारी गाडी घेऊन निघताना नीट आभार मानायला जमलं नाही. गळा दाटून आला होता आणि तुम्ही तोवर पुढच्या गाडीखाली शिरलाही होतात. म्हणून हे पत्र. तुमचं नाव घालत नाही. कोल्हापुरात ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

माझी मारुती ८०० ही २००६ सालची, एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी. हे मॉडेल बनायचं २०१४ सालीच थांबलं, तेव्हा रबराचे पाईप कडक होणार, चिरणार, हे धरूनच चालायचं. त्यात गाडीचा दोष नाही. राग आहे तो तुमच्या आधी जिथे जिथे बॉनेट उघडलं गेलं तिथला. तक्रार एकच होती: इंजिन गार असताना ठीक, तापलं की सिग्नलला रेस आपोआप वर जाते, धप्पकन खाली येते, पुन्हा वर. या गाडीला आरपीएमचा काटा नाही, कानानेच मोजायचं. तरी नऊशेच्या आसपास फिरायला हवं ते इंजिन किती वर जातंय हे कुणालाही ऐकू आलं असतं. कुणी ऐकलं नाही.

पहिल्या ठिकाणी प्लग आणि एअर फिल्टर बदलले, थ्रॉटल बॉडी, म्हणजे अॅक्सिलरेटर दाबला की उघडणारी हवेची झडप, स्प्रे मारून धुतली. दुसऱ्या ठिकाणी आयडल व्हॉल्व्ह, म्हणजे थ्रॉटल बंद असताना हवा कमीजास्त करून रेस सांभाळणारी झडप, नवा घातला. फरक पडेना, तेव्हा ‘ईसीएम गेला’, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटरच गेला, असं सांगितलं. स्कॅनरवर बिघाडाचा एकही कोड नव्हता, तरीही. मी म्हटलं, थ्रॉटलच्या पुढे कुठून तरी हवा ओढली जातेय, ते बघा. उत्तर आलं, ‘घरातल्या जेन्ट्सना पाठवा, त्यांना समजावून सांगतो.’ तिसऱ्या ठिकाणी तर थ्रॉटलचा तो स्टॉप स्क्रू फिरवला, ज्याच्यावर कारखान्यातला रंग असतो आणि ज्याला हात लावायचा नसतो. रेस वरखाली व्हायची थांबली, म्हणून ‘झालं काम’. थांबली, कारण पाय सुटल्यावर थ्रॉटल बंद झाल्याची खूण ईसीएमला मिळेनाशी झाली. मग पाय सुटल्यावर पेट्रोल तोडणंही बंद आणि रेस सांभाळणंही बंद. आंबा घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्येसुद्धा गाडी स्वतःहून पुढे रेटायची. उतारावर इंजिनाचा अडसरच राहिला नाही. हे दुरुस्ती म्हणून देणाऱ्याला आपण काय केलं हे कळलं नसेल, तर ते जास्त वाईट.

तुम्ही पहिली वीस मिनिटं पान्हाच उचलला नाहीत. इंजिन तापू दिलंत. मग खिशातून हातभर रबरी नळी काढलीत, एक टोक कानाला आणि दुसरं मॅनिफोल्डच्या, म्हणजे थ्रॉटलपासून सिलिंडरांपर्यंत हवा नेणाऱ्या भागाच्या, कडेने, पाईपांच्या प्रत्येक सांध्यावरून हळूहळू फिरवलंत. मॅनिफोल्डच्या खालच्या अंगाला एका जागी थांबलात. पुन्हा मागे गेलात, पुन्हा तिथेच आलात. नंतर कानातलं टोक काढलंत, शर्टाच्या आतल्या स्वच्छ बाजूने नीट पुसलंत आणि माझ्यापुढे धरलंत. ‘ताई, ह्ये धरा कानाला. तुमीच ऐका.’

मामा, एवढंच. त्याच्यावरच हे सगळं पत्र आहे.

त्या नळीतून साप फुत्कारल्यासारखा बारीक, सलग आवाज येत होता. मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेच्या साधारण एक तृतीयांश असतो, त्यामुळे केसाएवढ्या चिरेतूनही हवा अशीच ओढली जाते. पुस्तकात हे मी वाचलं होतं. कानाने ऐकलं तेव्हा कळलं. पण मला जास्त आठवतं ते पुसणं. समोरच्या माणसाच्या कानाला आपला घाम, आपलं ग्रीस लागू नये, आणि त्याला आपण सांगतोय ते स्वतः पारखता यावं, या दोन्ही गोष्टी तुमच्या हाताला एकदमच सुचल्या. ‘मला कळतं, तुम्हाला काय सांगू’ हा भाव कुठेच नव्हता. माझं म्हणणं बरोबर होतं असंही तुम्ही तोंडाने म्हणाला नाहीत, नळी हातात दिलीत.

मग चिमट्याच्या तोंडाला फडकं गुंडाळून तो पाईप दाबलात आणि रेस जागच्या जागी बसली. सोडलात, पुन्हा उसळली. आधी ऐकायचं आणि मगच दाबायचं, हा क्रमही तुमचाच. जुनं रबर सरसकट दाबत गेलं तर चांगले पाईपही चिरतात. आणि गळती शोधायला तापलेल्या एक्झॉस्टशेजारी पेट्रोल किंवा क्लीनर उडवणारे मी पाहिलेत, म्हणून तुम्ही सिरिंजमधून चार थेंब पाणी टाकलंत हेही लिहून ठेवते. चिरेवर पाणी आलं की क्षणभर भोक बुजतं आणि आवाज बदलतो. आग लागायचा प्रश्नच नाही.

दोषी निघाला तो पीसीव्हीचा पाईप, व्हॉल्व्ह ते मॅनिफोल्ड हा तुकडा. इंजिनातली तेलाची वाफ याच्यातून पुन्हा मॅनिफोल्डमध्ये जाते. आतून तेलाने रबर फुगून मऊ पडतं, बाहेरून उष्णतेने कडक होतं, आणि वळणाच्या खालच्या बाजूला, जिथे नजर जात नाही, तिथे फाटतं. शिवाय तीन सिलिंडरचं इंजिन मुळातच हलतं. इंजिन ज्या रबरावर टेकतं ते माउंटिंग दबलेलं असलं की जास्तच. त्या हलण्याने चीर मिटते, उघडते, म्हणून खोड कधी दिसायची, कधी नाही. या गाडीत हवा मोजायचा सेन्सर नाही, मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर आहे. चोरून आलेली हवाही दाबातच मिसळते, त्यामुळे ईसीएम तिला बरोबर मापाचं पेट्रोल देऊन मोकळा होतो. इंजिन अडखळत नाही, नुसतं पळतं. थ्रॉटल बंद असून रेस चढली की ईसीएम पेट्रोल तोडतो, खाली आली की पुन्हा सोडतो. वरखाली होण्याचं कारण हे. आयडल व्हॉल्व्ह पूर्ण मिटूनही उपयोग नव्हता, तो बिचारा निर्दोष होता.

फिल्टर डब्यापासून थ्रॉटलपर्यंतच्या घडीच्या पाईपला आधी कुणीतरी काळी टेप गुंडाळली होती. तिचा या रेसशी संबंध नाही, हे तुम्ही लगेच सांगितलंत. ती जागा थ्रॉटलच्या अलीकडची. पण टेप सोडवून घडीतली भेग दाखवलीत आणि म्हणालात, ‘रेसचं न्हाई, पर धूळ हितनं जातीया. रिंगा खाईल.’ फिल्टर कितीही नवा घाला, त्याच्या पुढे भेग असेल तर धूळ न गाळता आत जाते आणि पिस्टनच्या रिंगा झिजवते. हे सांगून पैसे मिळत नव्हते. त्या दिवशी तो पाईप दुकानात मिळालाही नाही.

दुकानदारांचंही इथे नाव न घेता लिहिते. तुम्ही पाठवलेला पोरगा जुना तुकडा घेऊन गेला तर त्यांनी व्हर्नियर काढून आतला व्यास मोजला. एक मिलिमीटर मोठा होता तो पाईप ‘क्लिप आवळली की बसेल’ म्हणून विकला नाही, दुसरा शोधून दिला. तेल सोसणारा, आत विणीचा. साधा पाण्याचा पाईप तेलाने महिन्याभरात लोंबतो आणि ओढीने चपटा होतो, हे त्यांना ठाऊक होतं. अशी माणसं एकमेकांच्या जवळपास धंदा करतात हा योगायोग नसावा. एकाची नीट मोजायची सवय दुसऱ्याला लागते, तिसऱ्याला लाज वाटते, आणि सबंध गल्लीचं काम सुधारतं.

पाईपाचं टोक ब्लेडने काटकोनात कापलंत. स्क्रूच्या क्लिपा न लावता स्प्रिंगच्या लावल्यात, कारण रबर दबलं तरी त्या पकड सोडत नाहीत आणि जास्त आवळून रबर कापायची भीती नाही. पीसीव्हीचा व्हॉल्व्ह कानाशी हलवून खुळखुळतोय, म्हणजे आत अडकलेला नाही, याची खात्री केलीत. मग तो स्टॉप स्क्रू जुन्या रंगाच्या खुणेवर परत आणलात. हे करताना तुम्ही पहिल्यांदा वैतागलात, ‘ह्येला हात कुनी लावला?’ म्हणून. मला त्या वैतागाचंही बरं वाटलं. बॅटरीची वायर काढून, पुन्हा लावून, अॅक्सिलरेटरला पाय न लावता रेडिएटरचा पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईस्तोवर इंजिन नुसतं चालू ठेवलंत, ईसीएमला नव्याने शिकू दिलंत. पंखा दुसऱ्यांदा थांबला तेव्हा गाडीचा आवाज इतका सरळ होता की शेजारच्या लेथचा ठेका ऐकू यायला लागला.

पाईप, दोन क्लिपा आणि मजुरी मिळून तुम्ही घेतलेत साडेतीनशे रुपये. मी पाचशेची नोट पुढे केली तर सुटे आणायला पोरग्याला पळवलंत.

फाटका तुकडा तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून दिलात, चिरेवर पांढऱ्या खडूची रेघ मारून. तो मी जपून ठेवलाय. आधीच्या तिन्ही ठिकाणी तो नेऊन दाखवणार आहे. भांडायला नाही. तिथल्या शिकाऊ पोरांनी तरी एकदा बोटाने उघडून बघावा.

घडीचा पाईप आला की निरोप द्या, गाडी घेऊन येते. माउंटिंगही तेव्हाच बघू.

तुमची,
पांढऱ्या ८००वाली ताई