‘आमच्याकडून राहिलं’ म्हणणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, एवढं तीन दिवसांच्या ओळखीवरही मला कळलंय. पण गेल्या वर्षी मे महिन्यात तुम्ही रिक्षात बसून हात हलवलात, तेव्हा आपल्याला रडू फुटेल म्हणून मी पटकन आत वळले. धड आभारही मानले नाहीत. वर्ष झालं, ते मनातून जात नाही.

आमची संस्था ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृहं चालवते. दिवाळीच्या सुमारास आईबाप कोयते घेऊन कारखान्यांकडे निघतात ते गुढीपाडव्याच्या आसपास गावी परततात. तेवढे महिने शाळा सुटू नये म्हणून मुलं आमच्याकडे राहतात. माझं काम मात्र पुण्यातल्या ऑफिसात, देणगी विभागात. पावत्या करायच्या, आभाराची पत्रं पाठवायची, खात्यात आलेले पैसे कोणाचे ते शोधायचं. यूपीआयवरून पाचशे रुपये येतात आणि पुढे नुसतं ‘बाबांसाठी’ लिहिलेलं असतं. ते बाबा कोणाचे, हे शोधून त्यांच्या स्मरणार्थ पावती फाडायची. या कामाचा मला अभिमान आहे. पण आमच्या टेबलाची आठवण होते ती काही चुकलं की.

आणि चुकलं होतं. 80जीची, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत देणगीदाराला मिळायची तर त्याचं नाव, पॅन आणि रक्कम आम्हाला 31 मेपर्यंत आयकर खात्याकडे भरायला लागते. उशीर झाला तर दिवसाला 200 रुपये भुर्दंड. ते पैसे शेवटी मुलांच्या ताटातूनच जाणार. 2023-24ची यादी करताना एक्सेलमध्ये नावांचा कॉलम सॉर्ट झाला आणि शेजारचा पॅनचा तसाच राहिला. अकराशेच्या वर नोंदी. नाव एकाचं, पॅन दुसऱ्याचा. तपासून घ्या म्हणून देणगीदारांना मेल गेले तेव्हा ते उघडकीला आलं. त्या दिवशी मे महिन्याची 22 तारीख होती.

ज्यांच्याकडून सॉफ्टवेअर घेतलं होतं त्यांनी ‘तक्रार नोंदवली आहे’ असं कळवलं आणि पुढे फोन उचलला नाही. जिथे आम्ही दरवर्षी फी भरतो त्या सल्लागारांकडून एका ओळीचं उत्तर आलं, ‘डेटा तुमचा, जबाबदारी तुमची.’ एका देणगीदारांनी फोनवर मला जे सुनावलं ते मी घरीसुद्धा सांगितलं नाही. ऑफिसातली माणसं वाईट नाहीत, पण त्या दोन दिवसांत माझ्या टेबलाजवळून जाताना सगळ्यांना घाई असायची.

तिसऱ्या दिवशी तुम्ही आलात. खांद्याला कापडी पिशवी, हातात आमच्या मेलची प्रिंट. महिन्याला पाचशे रुपये देणारे तुम्ही, तुमच्या नावापुढे भलताच पॅन. मी उभी राहिले, माफी मागायला लागले. तुम्ही म्हणालात, ‘बस गं आधी. पाणी प्यायलीस का?’ मग खुर्ची ओढलीत, पिशवीतून लाकडी फूटपट्टी काढलीत आणि म्हणालात, ‘पावतीपुस्तकं आण.’

बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाचं काम कसं असतं ते मी त्या तीन दिवसांत पाहिलं. पट्टी ओळीखाली धरायची, नाव वाचायचं, पॅनचं एकेक अक्षर वाचायचं आणि मी ‘हं’ म्हटल्याशिवाय पट्टी खाली सरकवायची नाही. पॅनमधलं चौथं अक्षर ‘पी’ असलं की तो व्यक्तीचा आणि मग पाचवं अक्षर तिच्या आडनावाचं पहिलं, हे मला तुम्ही शिकवलंत. ‘आडनाव कुलकर्णी आणि पाचवं अक्षर एस? हा यांचा नव्हे. पुढे.’ पण लग्नानंतर आडनाव बदललं तरी पॅन जुनाच राहतो, म्हणून बायकांच्या नावावर तुम्ही थांबायचात आणि मला म्हणायचात, ‘यांना फोन कर, माहेरचं आडनाव विचार. नीट विचार हं, उगाच चौकशी वाटायला नको.’

पण हे पत्र मी पॅनसाठी लिहीत नाहीये.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक विश्वस्त आले. दारातूनच त्यांनी विचारलं, ‘हे नेमकं कोणाकडून झालं?’ माझे हात थंड पडले. मी उठणार, तेवढ्यात पुस्तकातून मान वर न करता तुम्ही म्हणालात, ‘आमच्याकडून राहिलं होतं. होतंय आता.’ आणि पट्टी पुढच्या ओळीवर घेतलीत.

काका, हा एक शब्द मी वर्षभर मनात घोळवतेय. ‘हिच्याकडून’ म्हणाला असता तर ते खरंच होतं. ‘आपल्याकडून’ म्हणाला असता तर त्यात ते विश्वस्तही आले असते, सगळ्यांची मिळून चूक म्हणजे कोणाचीच नाही, असं झालं असतं. तुम्ही ‘आमच्याकडून’ म्हणालात. म्हणजे तुम्ही आणि मी. ज्या माणसाचं आमच्या चुकीमुळे नुकसान होणार होतं, तो माणूस उठून माझ्या बाजूला येऊन बसला. ते विश्वस्त क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘चहा सांगू का?’ त्या आठवड्यात त्या खोलीत पहिल्यांदा कोणी मला चहा विचारला.

मी याआधीही दोन ठिकाणी नोकरी केली. चूक निस्तरणारी माणसं मला भेटली आहेत, पुढे सहा महिने त्याची आठवण करून देणारी. निस्तरून झाल्यावर पट्टी पिशवीत टाकून, ‘चार वाजले, ही वाट बघत असेल’ म्हणत निघून जाणारं माणूस पहिल्यांदाच पाहिलं. रिक्षाचे पैसेही घेतले नाहीत. उलट त्या महिन्याचे पाचशे नेहमीच्या तारखेला जमा होते.

यादी आम्ही 30 तारखेला भरली. ‘आम्ही’ लिहिताना मी तुम्हाला धरूनच लिहितेय.

या वर्षीचंही काम झालंय. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पट्टी धरून तपासलं. माझी पट्टी स्टीलची आहे, तुमच्यासारखी लाकडी कुठे मिळाली नाही. तुमचं देणगीचं प्रमाणपत्र मेलने पाठवलेलं नाही, छापून ठेवलंय. येत्या रविवारी सकाळी घेऊन येते. काकूंना सांगून ठेवा, आणि पॅनचं पाचवं अक्षर तुम्ही स्वतः एकदा बघून घ्या.

तुमची,
देणगी विभागातल्या खिडकीजवळच्या टेबलावरची