छोटा टेरियर आणि घुशींचे औषध

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात पुण्यातील सोसायट्यांमध्ये घुशींच्या बिळांपाशी विषाच्या वड्या टाकल्या जातात. त्याविषयी, एका छोट्या टेरियरचा सांभाळ करणारा वाचक म्हणून, थोडे लिहावेसे वाटते.

कोथरूडमधील आमच्या घरी चार वर्षांपासून जॅक रसेल टेरियर आहे. वजन जेमतेम ६ किलो, म्हणून ‘फ्लॅटमध्ये सहज मावेल’ असे आम्हाला सांगण्यात आले होते. मावतो हे खरे, पण स्वस्थ बसत नाही. टेरियर हे नावच ‘जमीन’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे, आणि एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात जॉन रसेल या धर्मोपदेशकाने ही कुत्री जोपासली ती बिळात दडलेल्या कोल्ह्याला बाहेर काढण्यासाठी. आमच्या पार्किंगमध्ये कोल्हा नाही, घूस आहे. सकाळी जिना उतरताच आमचा गडी ड्रेनेजच्या चेंबरपाशी जातो, झाकणाच्या फटीला नाक लावतो आणि फरशीच्या सांध्यातली माती पुढच्या पायांनी उकरू लागतो. हाक मारली तर कान तेवढा हलतो. रक्तातच असलेल्या या सवयीसाठी त्याला रागावण्यात अर्थ नाही, म्हणून आम्ही गॅलरीत एका जुन्या टबात माती भरून तिच्यात बिस्किटांचे तुकडे पुरून ठेवतो.

तरीही गेल्या पावसाळ्यात त्याने बिळापाशी पडलेली निळी वडी चावलीच. आम्ही लगेच दवाखाना गाठला. ‘औषध कोणते होते?’ हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न. आणि त्याचे उत्तर सेक्रेटरींपासून वॉचमनपर्यंत कोणालाच देता येईना, कारण वेष्टन औषध टाकणाऱ्या माणसाबरोबर गेले होते. यातील बरीच विषे रक्त गोठू देत नाहीत. कुत्रा दोन-तीन दिवस नेहमीसारखा हुंदडतो आणि मग हिरड्या पांढऱ्या पडतात, रक्तस्राव सुरू होतो. वेळेत उलटी करवल्यामुळे आणि पुढे काही आठवडे ‘के’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्यामुळे आमचा बचावला.

घुशी मारू नयेत असे माझे म्हणणे नाही. त्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूजन्य आजार माणसालाही होतो आणि कुत्र्यालाही (कुत्र्याला त्याची लस दरवर्षी द्यावी लागते, हे रेबीजच्या लशीच्या नादात अनेकजण विसरतात). मात्र औषध टाकण्याच्या आदल्या दिवशी त्याचे नाव, जागा आणि तारीख सूचनाफलकावर लिहावी, वड्या उघड्यावर न ठेवता बंद पेटीत ठेवाव्यात आणि वेष्टन सोसायटीच्या कार्यालयात जपून ठेवावे, एवढी विनंती शहरातील सर्व सोसायट्यांना आपल्या वृत्तपत्रातून करावीशी वाटते. पार्किंगमध्ये कुत्र्याची दोरी न सोडण्याची जबाबदारी अर्थातच आम्हा पाळणाऱ्यांची. त्या सकाळी ती माझ्या हातून सुटली होती.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे