तिसरं प्रकरण

प्रिय सुमे,

चिनूला बक्षीस मिळालं. फोनवर सांगितलं असतं, पण तू "अगं वा, आता पार्टी!" म्हणून मोकळी झाली असतीस आणि मला जे बोलायचंय ते राहून गेलं असतं. म्हणून पत्र. लांबलचक आहे, चहा घेऊन बस.

बक्षीस तिच्या ऑनर्सच्या प्रबंधाला, मानववंशशास्त्र विभागाचं. इथे बी.ए.ला प्रबंध सगळ्यांनाच लिहावा लागत नाही. ज्यांचे मार्क चांगले आणि ज्यांना हौस, ती मुलं तिसऱ्या वर्षीच विषय मांडतात, मार्गदर्शक मिळवतात, उन्हाळ्यात लोकांत जाऊन काम करतात, चौथं वर्षभर लिहितात आणि एप्रिलमध्ये प्राध्यापकांपुढे बसून उत्तरं देतात. त्यातल्या सर्वांत चांगल्या प्रबंधाला एक बक्षीस, आणि एखादं सुटं प्रकरण उत्तम लेखन म्हणून पाठवता येतं, त्याला दुसरं. रक्कम काहीशे डॉलर, म्हणजे आपल्या वक्तृत्वाच्या ढालीपेक्षा बरीच म्हणायची. (ती ढाल अजून तुझ्याच माळ्यावर आहे ना? सहा-सहा महिने ठेवायची ठरली होती, बाईसाहेब.) चिनूला दोन्ही मिळाली. पदवीदानाच्या वेळी नाव वाचणार आहेत.

आता मुद्दा. लेखनाचं बक्षीस मिळालं ते तिसऱ्या प्रकरणाला, आणि तिसरं प्रकरण म्हणजे तुझी आई.

खाणावळीबद्दल आहे हे तुला ठाऊक आहेच. तुमच्या स्वयंपाकघरात पोरगी उन्हाळाभर ठाण मांडून बसली होती. कुणाशी बोलायच्या आधी विद्यापीठाच्या समितीची परवानगी लागते, म्हणून तिने संमतीचा मजकूर मराठीत लिहून नेला होता: नाव बदलेन, कधीही थांबवा, नको असेल ते गाळेन. काकूंचं उत्तर तिने प्रबंधात जसंच्या तसं घातलंय, "आधी जेव, मग वाच." परीक्षक त्यावर खूश! काकूंचा स्वभाव त्यांना एका ओळीत कळला.

पण त्या प्रकरणात ताट आहे, सुमे. जिन्याखालच्या नळापाशी उपडं घातलेलं ते चेपकं ताट.

पर्वतीच्या पायऱ्यांवर आपण ज्यावरून भांडलो ते तूही विसरली नसशील. बीडकडचा तो मुलगा जेवून उठला की स्वतःचं ताट स्वतः घासायचा, बाकीच्यांची ताटं बाई घासायची. मी म्हटलं, "हे काय आहे?" आणि तू फणकारलीस, "तुझ्या घरी बाईचा कप वेगळा नाही?" होता. तोही खिडकीत उपडा. तरी मी दिवाळीपर्यंत तुझ्याशी बोलले नाही, आणि तू चकल्यांचा डबा घेऊन आलीस तेव्हाही आपण त्यावर एक शब्द काढला नाही. पुढेही कधी नाही. एवढ्या वर्षांत आपण सासवा, नवरे, गर्भाशयं सगळ्यांवर बोललो, ताटावर नाही.

काकू बोलल्या. चिनूशी, कांदा चिरता चिरता. त्याला तोंडाने कुणी काही सांगितलंच नव्हतं म्हणाल्या. पहिल्या दिवशी त्यांनी फक्त नळाकडे बोट केलं आणि त्याला कळलं. पैसे मात्र तो दर एक तारखेला द्यायचा, कधी थकवले नाहीत. आणि शेवटच्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा पेढे घेऊन आला, वाकून नमस्कार करायला लागला तर ह्या मागे सरकल्या. पुडा घेतला. तो जिना उतरून गेल्यावर बाईला देऊन टाकला. "एक पेढा खाल्ला असता तर काय झालं असतं गं माझं?" असं त्यांनी चिनूला विचारलंय. एकदा नाही, वेगवेगळ्या दिवशी, दर वेळी जणू पहिल्यांदाच.

तुला पेढ्यांचं माहीत होतं का? मला फक्त एवढं सांग. मला नव्हतं, आणि वाचल्यापासून मी दुसरा विचार केलेला नाही.

चिनूने ते फार चांगलं लिहिलंय, आई म्हणून म्हणत नाही. काकूंना तिने आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं नाही आणि पदराखालीही घातलं नाही. प्रबंधाची सुरुवात तिने ९ मे १९१६ पासून केलीय. त्या दिवशी न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातींवरचा निबंध वाचला. जातीचं मूळ त्यांनी जातीतल्या जातीत होणाऱ्या लग्नांत दाखवलं. चिनू म्हणते, लग्नाच्या कितीतरी अलीकडे, रोजच्या ताटापाशी हे कुंपण कसं राखलं जातं आणि ते राखायचं काम बायकांच्या हाती कसं येतं, ते मला बघायचंय. नवऱ्याची नोकरी गेलेली, घर चालवायचं ते खाणावळीवर, आणि बाकीच्या पोरांचे आईबाप नाराज झाले तर पानं कमी होणार. हा हिशेबही तिने मांडलाय. आपल्याला त्या वयात तो सुचला नव्हता.

मग मला कशाची काळजी? प्रबंध आता विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या संग्रहात जाणार. तिथून तो जगात कुणालाही उघडता येतो. बक्षीस मिळालेला तर आधी उघडतात. नाव बदललंय, पेठ बदललीय, पण गुरुवारची खिचडी, जिन्याखालचा नळ आणि "आधी जेव" एवढं वाचलं की आपल्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल कोण ते.

नॅन्सी शेपर-ह्यूजेस नावाच्या अमेरिकन बाईंनी आयर्लंडमधल्या केरी परगण्यातल्या एका खेड्यावर १९७९ साली पुस्तक लिहिलं. गावाचं नाव बदललं, माणसांची बदलली. पुस्तकाला मार्गारेट मीड यांच्या नावाचा पुरस्कार मिळाला. गावाने मात्र स्वतःला ओळखलं आणि जे दुखावले ते दुखावलेच. वीस वर्षांनी बाई परत गेल्या तेव्हा त्यांना गाव सोडायला लावलं. हे मला चिनूनेच सांगितलं, तेही मी काही बोलायच्या आधी. म्हणजे ती बेफिकीर नाही. पण बाजूही मांडते: इरावती कर्व्यांनी १९२८ साली समाजशास्त्रज्ञ घुर्यांकडे एम.ए.चा प्रबंध केला तो चित्पावनांवर, आपल्याच लोकांवर, मग मी का नको? मी म्हटलं, अख्ख्या जातीवर लिहिणं वेगळं आणि एका बाईच्या हातातला पेढ्यांचा पुडा वेगळा. त्यावरून आमचं जेवण थंड झालं.

एक वाट आहे. प्रबंध काही वर्षं कुलूपबंद ठेवता येतो. मार्गदर्शक बाईंनी पाच वर्षं सुचवली, चांगल्या मनाने सुचवली. पण सुमे, काकूंचं वय बघ. पाच वर्षं म्हणजे आपण कशाची वाट बघतोय? मला ते भयंकर वाटतं. त्यापेक्षा त्यांना आत्ता विचारावं.

चिनूने ती पानं मराठीत करून त्यांना व्हिडिओवर वाचून दाखवलीत. "लिही, खरंच आहे ते," म्हणाल्या. पण माझी खात्री आहे की त्यांना वाटतंय, वही आहे, बाई तपासतील आणि परत देतील. म्हणून ती पानं सोबत पाठवतेय. तू शेजारी बसून वाच आणि एकच विचार: समोरच्या वाड्यातल्या मावशींनी हे वाचलं तर चालेल का? त्या नाही म्हणाल्या तर ते प्रकरण बाहेर जाणार नाही, बक्षीस असो नाहीतर नसो. चिनूने कबूल केलंय, रडत केलंय, पण केलंय.

आणि तो मुलगा. साठी ओलांडली असेल त्याची. त्याला कुणीच विचारलेलं नाही. ताट त्याचं, पेढे त्याचे, आणि सगळी संमतीपत्रं आपल्या घरातल्यांची. हे मला सगळ्यात जास्त टोचतं. तुझ्या दादाकडे जुना पत्ता असेल का? त्याचा होकार येईपर्यंत मी तरी चिनूला ग्रंथालयाच्या अर्जावर सही करू देणार नाही.

बाकी ठीक. माझे गुडघे आहेत तसे, ह्यांची साखर वर-खाली. तुझ्या निवृत्तीचे फोटो पाहिले, जांभळी साडी छान, मुख्याध्यापिका हार घालायला इतक्या घाबरल्या का होत्या? मंदारच्या नोकरीचं कळलं, आनंद झाला. पुनर्विकासाच्या कागदांवर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नकोस.

ग्रंथालयाचा तो अर्ज मेअखेर भरायचाय, त्याच्या आत कळव. रागावली असशील तर तेही कळव, दिवाळीपर्यंत थांबू नकोस. चकल्या मी करते.

तुझीच,
नंदा