आगाऊ पैसे घेऊन उशिरा आणि वेगळाच पाठवलेला लॅपटॉप: तक्रार पत्र

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन विक्री व ग्राहक सेवा विभाग

विषय: प्री-बुकिंग केलेल्या लॅपटॉपचा जाहिरातीपेक्षा वेगळा पडदा, अर्थिंग नसलेला चार्जर आणि पाठवणीतील विलंब याबाबत

महोदय / महोदया,

मी फोंड्यात डीटीपीचे छोटे दुकान चालवते. लग्नपत्रिका, देवळांच्या उत्सवांची आमंत्रणे, श्रावणातल्या सप्ताहांचे कार्यक्रम, जत्रेतल्या नाटकांची पत्रके, कधी एखादी स्मरणिका, असे आमचे काम. आपल्या नव्या लॅपटॉपची घोषणा झाली तेव्हा पूर्ण किंमत आगाऊ भरून मी पहिल्या बॅचमध्ये बुकिंग केले. जाहिरातीत 'शंभर टक्के एसआरजीबी पडदा' (एसआरजीबी म्हणजे संगणकावरच्या रंगांचा प्रमाणित संच, तो पडदा पूर्ण दाखवतो) असे ठळक लिहिले होते, त्यासाठीच केले. तेवढे नसते तर इथल्याच दुकानातून एखादा लॅपटॉप उचलला असता आणि बिघडला की तो घेऊन दुकानदारासमोर जाऊन उभी राहिले असते.

आधी उशिराबद्दल. माल मेअखेर पाठवू, असे बुकिंगच्या पावतीवर आहे. जून उजाडला, पाऊस लागला आणि आपल्या ग्राहक सेवेकडून कारणे येऊ लागली. पहिले कारण सरकारच्या आयात नियमांचे. लॅपटॉपच्या आयातीवर निर्बंध घालणारी अधिसूचना ऑगस्ट २०२३ मध्ये निघाली आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून परवानगी घेण्याची ऑनलाइन व्यवस्था सुरू झाली. फोंड्यात पत्रिका छापणाऱ्या बाईला हे ठाऊक आहे, आणि आयातीवरच धंदा चालवणाऱ्या कंपनीला बुकिंगचे पैसे घेताना ठाऊक नव्हते, हे कसे पटावे?

दुसरे कारण कर्नाटकातून गोव्यात उतरणाऱ्या घाटाचे. 'अनमोड घाटात दरड कोसळल्यामुळे गोव्याची पार्सले अडकली आहेत.' अहो, आम्ही गोव्यातच राहतो. त्या आठवड्यात बेळगावची भाजी रोज फोंड्याच्या बाजारात उतरत होती, मीही घेतली. कुरिअरच्या साइटवर माझ्या पार्सलपुढे लिहिले होते, 'माहिती मिळाली, पार्सल अजून ताब्यात आलेले नाही.' म्हणजे घाट राहिला दूर, खोका आपल्या गोदामाबाहेरही पडला नव्हता. 'आपली ऑर्डर रवाना झाली आहे' हा संदेश मात्र मला केव्हाच येऊन गेला होता. लेबल छापले की माल रवाना झाला, असा आपल्याकडचा हिशेब दिसतो.

याच दिवसांत कागद आणायला पणजीला गेले होते. अठरा जून रस्त्यावरच्या एका दुकानात हाच लॅपटॉप, याच रंगाचा, काचेआड मांडलेला दिसला. वर बॅग आणि माउस फुकट. पूर्ण पैसे आधी मोजलेले आम्ही लोक वाट पाहत बसलो होतो आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला तो तिथल्या तिथे मिळत होता. ऑर्डर रद्द करते म्हटले तर 'प्री-बुकिंग असल्याने दहा टक्के कापून घेऊ' असे उत्तर आले. ई-कॉमर्सचे २०२० चे नियम याबाबत स्पष्ट आहेत. कंपनीने स्वतःहून ऑर्डर रद्द केली तर ती तसाच भुर्दंड स्वतः सोसणार असेल, तरच ग्राहकाकडून रद्द करण्याचे शुल्क घेता येते. आपल्या अटींमध्ये कंपनीने सोसायच्या भुर्दंडाबद्दल एक ओळही नाही.

लॅपटॉप आला तो ऐन आषाढात. उशीर मी कदाचित गिळलाही असता, पण खोका उघडल्यावर खरी तक्रार सुरू झाली.

एका देवळाच्या उत्सवाची पत्रिका मी नव्या लॅपटॉपवर उघडली. वर कुंकवाच्या रंगाची पट्टी, त्यात पांढरी अक्षरे. छपाईच्या भाषेत शंभर मॅजेंटा आणि शंभर पिवळा. आमच्याकडे रोज लागणारा रंग. पडद्यावर तो विटकरी दिसला. ब्राइटनेस वाढवला, रंगांची सेटिंग तपासली, नाइट लाइट बंद आहे ना ते पाहिले. काही फरक नाही. पत्रिका पाहायला आलेले समितीचे गृहस्थ खुर्चीत बसता बसताच म्हणाले, "ताई, हे कुंकू की गेरू?" छापील नमुना हातात दिला तेव्हा त्यांची समजूत पटली. पण प्रत्येक गिऱ्हाइकाला नमुना छापून दाखवायचा असेल, तर चांगल्या पडद्याचे पैसे मी कशासाठी दिले?

माझा भाचा फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो. त्यानेही याच बॅचमध्ये, याच किमतीला, हाच मॉडेल क्रमांक असलेला लॅपटॉप घेतला आहे. तो आपले यंत्र घेऊन दुकानात आला. दोन्ही लॅपटॉप एकाच टेबलावर शेजारी ठेवले आणि तीच पत्रिका दोन्हींवर उघडली. त्याच्याकडे कुंकू, माझ्याकडे गेरू. दुकानात तेव्हा झेरॉक्ससाठी आलेली दोन शाळकरी पोरे होती, त्यांनीही न विचारता फरक सांगितला. प्रत्येक पडद्यात त्याची स्वतःची ओळख साठवलेली असते. भाच्याने ती दोन्हींची वाचून काढली. पॅनेलचे क्रमांक वेगळे निघाले. त्याच्या पॅनेलच्या तांत्रिक तक्त्यात शंभर टक्के एसआरजीबी आहे. माझ्या पॅनेलच्या तक्त्यात ४५ टक्के एनटीएससी आहे, हे रंग मोजण्याचे दुसरे माप. एसआरजीबीत मोजले तर हे साधारण ६० ते ६५ टक्क्यांच्या घरात जाते. स्वस्तातल्या ऑफिस लॅपटॉपना असा पडदा असतो. मेल वाचायला, हिशेब लिहायला तो पुरतो. रंगाच्या कामाला तो चालत नाही, आणि हे कंपनीला माझ्यापेक्षा चांगले कळते. म्हणून तर जाहिरातीत एसआरजीबीचा आकडा एवढा मोठा छापला होता.

ग्राहक सेवेने यावर लिहिले की पॅनेल 'उपलब्धतेनुसार' बदलू शकते, तशी टीप साइटवर आहे. आज आहे. मी बुकिंग केले त्या दिवशी नव्हती. त्या दिवसाचे पान मी पीडीएफ करून ठेवले होते, धंद्यातली सवय आहे. त्यात शंभर टक्के एसआरजीबी आहे आणि टीप नाही. आताच्या पानावर टीप आहे आणि 'शंभर टक्के' हे शब्द गेले आहेत. उरला आहे 'जिवंत रंगांचा पडदा'. पैसे घेताना एक पान आणि माल पोचल्यावर दुसरे, याला मी तरी फसवणूकच म्हणते. पुरवठादाराकडून चांगली पॅनेल कमी आली असतील तर तसे कळवायचे होते. थांबणारे थांबले असते, नको असणाऱ्यांनी पैसे परत घेतले असते.

आता चार्जर. खोक्यात ६५ वॅटचा चार्जर निघाला, त्याला परदेशी पद्धतीच्या दोन चपट्या पिना आणि सोबत आपल्याकडच्या सॉकेटसाठी एक प्लास्टिकचा कन्व्हर्टर. म्हणजे अर्थिंग नाही. लॅपटॉपचे अंग धातूचे. चार्जिंगला लावून मनगट कीबोर्डखालच्या पट्टीवर टेकवले की मुंग्या येतात; झाकणावरून बोट फिरवले तर पत्रा खरखरीत लागतो. पावसाळ्यात आमच्याकडे भिंतींना ओल, फरशीला घाम. अनवाणी पाय फरशीवर असले की हे आणखी जाणवते. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावले. त्याने टेस्टर झाकणाला लावला आणि दिवा पेटला. चार्जरच्या आत विजेतला गोंगाट (नको असलेल्या लहरी) गाळण्यासाठी जो छोटा कपॅसिटर असतो, त्यातून अगदी थोडा प्रवाह बाहेरच्या धातूपर्यंत येतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत निघून जातो, नसेल तर हात लावणाऱ्याला कळतो, असे त्याने समजावले. मग त्याच वॅटचा, तीन पिनांचा, अर्थिंग असलेला टाइप-सी चार्जर लावून पाहिला. टेस्टर पेटला नाही, मुंग्याही थांबल्या. म्हणजे दोष घरच्या वायरिंगचा नाही.

एवढ्या प्रवाहाने जीव जात नाही, हे तोही म्हणाला आणि मीही उगाच आकांडतांडव करत नाही. पण दुकानात माझ्याबरोबर एक मुलगी दिवसभर याच यंत्रावर टाइप करते. तिला रोज मुंग्या सोसायला लावणे मला बरे वाटत नाही. या चार्जरवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि नोंदणी क्रमांकही नाही. लॅपटॉपवर आहे, चार्जरवर नाही. माहिती तंत्रज्ञान उपकरणांच्या ॲडॅप्टरना ही नोंदणी सक्तीची आहे. दुसऱ्या देशासाठी बांधलेला खोका घाईघाईने इकडे वळवला, असा माझा अंदाज आहे. तो चुकीचा असेल तर चार्जरचा नोंदणी क्रमांक मला लेखी कळवावा.

आपल्या प्रतिनिधीने यावर काय सुचवले तेही नोंदवते: 'लॅपटॉप लाकडी टेबलावर ठेवा आणि वापरताना पायात चप्पल घाला.'

बाकी बारीकसारीक गोष्टी आहेत. खालचा एक रबरी पाय निघाला, तो चिकटवला. बिजागर उघडताना कुरकुरते. त्यांची तक्रार नाही. कीबोर्ड फारच चांगला आहे, इतका की मुलगी आता जुन्या यंत्रावर बसायला तयार होत नाही. वेगही सांगितल्याप्रमाणे आहे. यंत्र मुळात वाईट असते तर मी एवढे लिहीत बसले नसते.

सेवेच्या बाबतीत मात्र घोडे पेंड खाते. जाहिरातीत 'देशभर घरपोच सेवा' आहे. फोनवर कळले की देशभरात गोवा येत नाही; जवळचे केंद्र पुण्याला. लॅपटॉप स्वखर्चाने पाठवा, म्हणाले. आत लिथियमची बॅटरी आहे म्हटल्यावर इथला कुरिअरवाला कंपनीचे पत्र मागतो, कंपनी म्हणते असे पत्र देण्याची पद्धत नाही. वर फॉर्ममध्ये लॉगिनचा पासवर्ड लिहून द्यायचा! त्यात माझ्या गिऱ्हाइकांच्या फाइली आहेत. मी पासवर्ड देणार नाही, आणि पडदा बदलायला तो लागतही नाही.

फोनवरच्या प्रत्येक संभाषणात एक वाक्य हमखास येते: 'मॅडम, पहिल्या बॅचमध्ये असे थोडेफार होतेच.' होत असेल. पण मग पहिल्या बॅचची किंमत कमी ठेवायची, किंवा 'चाचणीसाठी' असे खोक्यावर छापायचे. आमच्याकडून पुरे पैसे घेतलेत, तेही आधी. त्या पैशांवर माल बांधलात. आमच्या तक्रारींतून पुढच्या बॅचचे दोष काढाल, आणि तो दुरुस्त माल सवलतीत विकाल. यात आमच्या वाटणीला काय आले?

मागणी अशी. जाहिरातीतल्या पडद्याचा, म्हणजे शंभर टक्के एसआरजीबी पॅनेलचा लॅपटॉप बदलून द्यावा, किंवा माझ्या दुकानात माणूस पाठवून पॅनेल बदलावे आणि नव्या पॅनेलचा क्रमांक बिलावर लिहून द्यावा. सोबत भारतीय तीन पिनांचा, नोंदणी क्रमांक असलेला चार्जर द्यावा. हा चार्जर पहिल्या बॅचच्या सर्वच ग्राहकांना न मागता पाठवायला हवा. हे जमणार नसेल तर यंत्र आपल्या खर्चाने परत न्यावे आणि कराच्या रकमेसह पूर्ण पैसे, कपात न करता, परत करावेत. आपण स्वतःच्या साइटवरून माल विकता. जाहिरातीप्रमाणे नसलेला, सदोष किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोचलेला माल परत घ्यायला अशा विक्रेत्याला नकार देता येत नाही, असे ई-कॉमर्सच्या नियमांत आहे. त्याच नियमांप्रमाणे या पत्राची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. आधीच्या मेलांना आलेली आपोआप उत्तरे मी पोच म्हणून धरलेली नाहीत.

महिन्यात काही झाले नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि माझ्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो तिथे तक्रार करता येते, तेव्हा आपल्या अटींमध्ये कुठल्या शहराचे न्यायक्षेत्र छापले आहे याची मला फिकीर नाही. एवढ्या किमतीच्या मालाला तक्रारीचे शुल्कही लागत नाही. भाचाही चार्जरपुरता माझ्याबरोबर आहे. त्याचे पत्र वेगळे येईल.

बिल, बुकिंगची पावती, त्या दिवशीच्या पानाची पीडीएफ, दोन्ही लॅपटॉप शेजारी ठेवून काढलेले फोटो, टेस्टर पेटलेला व्हिडिओ आणि कुरिअरच्या साइटचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. माझे नाव, पत्ता आणि ऑर्डर क्रमांक बिलावर आहेत. माणूस पाठवणार असाल तर आदल्या दिवशी फोन करावा. दुपारी एक ते साडेतीन दुकान बंद असते.

आपली,
पहिल्या बॅचची एक ग्राहक
फोंडा, गोवा