हिब्रू मेली कधीच नव्हती

रेहोवोत, इस्राएल

ती. आजोबांस,
शि. सा. न.

‘मेलेली भाषा ह्या लोकांनी उठवली कशी, आणि आपल्याला संस्कृतचं का नाही जमलं?’ हा तुमचा प्रश्न फोनवर उरकण्यासारखा नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ते ‘मेलेली’ काढून टाका. इसवी सन २०० च्या सुमारास हिब्रू घरादारातल्या बोलण्यातून गेली हे खरं, पण लिहिण्यावाचण्यातून कधीच गेली नाही. अकराव्या शतकात फ्रान्समध्ये राशी नावाच्या पंडिताने तोरावर, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथावर, भाष्य लिहिलं ते हिब्रूत. पुढच्या शतकात इजिप्तमधला ज्यू पंडित मायमोनिदिस एरवी अरबीत लिहायचा, पण धर्मशास्त्राचा मोठा ग्रंथ त्याने हिब्रूतच लिहिला. आणि ही विद्या काही पंडितांच्या घरात कोंडलेली नव्हती. शिंप्याचा मुलगाही लहानपणीच अक्षरं गिरवायचा, प्रार्थना वाचायचा. (मुलींना मात्र बहुतेक ठिकाणी शिकवत नसत.) आजही तेरा वर्षांचा मुलगा सगळ्यांसमोर तोरा वाचतो. तोराच्या हस्तलिखित गुंडाळीवर नुसती व्यंजनं असतात, स्वरचिन्हं नाहीत. उच्चार आणि चाल आधी घोकून ठेवावी लागते. आजोबा, संस्कृतचं घोडं मला इथेच अडलेलं दिसतं. ती सगळ्यांच्या मुलांना आपण शिकवलीच नाही.

हिब्रू पुन्हा बोलती करायचा ध्यास घेतलेला एलिएझर बेन-येहुदा १८८१ मध्ये जेरुसलेमला आला, तेव्हा बाजारात देशोदेशीचे ज्यू एकमेकांशी कामापुरती हिब्रू बोलतच होते. त्याने ती घरात आणली. १८८२ मध्ये मुलगा झाला, तर त्याच्या कानावर दुसऱ्या भाषेचा शब्द पडू द्यायचा नाही हा हट्ट. आईने रशियन अंगाई म्हटली म्हणून वडिलांनी केवढा कहर केला, ते त्या मुलानेच पुढे सांगितलंय. बेन-येहुदाने सुरू केलेला शब्दकोश १७ खंडांचा झाला आणि तो गेल्यावर ३७ वर्षांनी, १९५९ मध्ये पुरा झाला. पण खरं काम शाळांनी केलं असं माझं मत. इथून जवळच रिशोन लेझियोनला १८८६ मध्ये हिब्रूतून शिकवणारी शाळा निघाली. अशा शाळांतून मुलं हिब्रू घेऊन घरी यायची आणि आया ती मुलांकडून शिकायच्या. १९१३ मध्ये हैफाच्या नव्या तंत्रविद्यालयात जर्मन माध्यम आणायचं ठरलं, तर शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी संप केला. १९२२ मध्ये इंग्रजांनीही इंग्रजी, अरबीबरोबर हिब्रूला अधिकृत भाषा मानलं.

ह्याची किंमतही मोठी होती, आणि तिच्याबद्दल इथे फारसं कुणी बोलत नाही याचं मला वाईट वाटतं. तेल अवीवच्या रस्त्यात कुणी यिद्दिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची घरची भाषा, बोललं, की तरुण पोरं ‘हिब्रू माणसा, हिब्रू बोल’ म्हणून दटावायची. यिद्दिश, स्पेनमधून आलेल्या ज्यूंची लादिनो, ज्यूंची अरबी ह्या सगळ्या घरच्या भाषा मागे ढकलल्या गेल्या. उलट जेरुसलेमच्या मेआ शेआरीममध्ये कर्मठ लोक अजून घरी यिद्दिशच बोलतात. पवित्र भाषेत भाजीचा भाव करायचा नाही, ही जुनी भावना.

आणि मराठीही त्याच रांगेत. परवा इथल्या लोद गावी एका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून आलेल्या ज्यू, कुटुंबाकडे मलिद्याला, त्यांच्या नवस-प्रार्थनेच्या विधीला, गेले होते. आजी मूळच्या रेवदंड्याच्या. ताटात भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलदोडा, भोवती फळं. एलियाहू हनाबी ह्या प्रेषिताचं गाणं सगळ्यांनी हिब्रूत म्हटलं. मग एकेक फळ उचलून त्याचा आशीर्वाद. नातीने केळं घेऊन झाडाच्या फळाचा आशीर्वाद सुरू केला, तशा आजी मराठीत म्हणाल्या, ‘अगं, केळ म्हणजे झाड नव्हे, तो भुईचा म्हण!’ नातीला मराठी कळलं नाही, पण आजीचा सूर कळला आणि तिने लगेच भुईच्या फळाचा म्हटला. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या ह्या लोकांना हिब्रूतली ‘शमा’ ही देव एकच आहे असं सांगणारी एवढी एकच प्रार्थना येत होती म्हणतात, आणि तेवढ्यावर ते ज्यू राहिले. आता हिब्रू सगळी आहे आणि मराठी आजींबरोबर जाणार.

ती नात अठरा वर्षांची आहे. तिने मला आपणहून मराठी अक्षरं शिकवायला सांगितलंय, आजीची जुनी पत्रं वाचायचीत म्हणून. तेव्हा चित्रांची अंकलिपी आणि मोठ्या टायपातलं एखादं गोष्टींचं पुस्तक दादाच्या पार्सलमध्ये घाला. इस्राएल आळीत कुणाकडे रेवदंड्याची माणसं ओळखीची असतील तर विचारून ठेवा, आजींना फार आनंद होईल.

आजीला नमस्कार, चिनूला गोड पापा.

तुमची,
मनू