होस्टेलच्या पहिल्या दिवशी भेटलेल्या सगळ्यांना थँक्यू

निलंग्याहून रात्रीच्या लालपरीने निघालो, मी आणि पप्पा, सोबत एक पत्र्याची पेटी, गादीची वळकटी, बादली आणि आईने दिलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. पहाटे पुण्यात वाकडेवाडीच्या एसटी स्टँडला उतरलो तर पाऊस धो धो. रिक्षावाले काका, तुम्ही मीटरनेच आलात आणि वर विद्यापीठाच्या गेटवरच न सोडता पार होस्टेलच्या दारापर्यंत आणलंत, नाहीतर त्या ४११ एकरांत पेटी डोक्यावर घेऊन आम्ही अजून फिरत असतो 😅

पप्पांना मुलींच्या होस्टेलमध्ये वर सोडत नाहीत हे आम्हाला माहीतच नव्हतं. ते खाली बाकावर बसले आणि मी जिन्यात पेटीकडे बघत उभी. तेवढ्यात केस ओले, डोक्याला टॉवेल गुंडाळलेली एक ताई आली, नाव न विचारता पेटीची एक कडी धरली आणि म्हणाली, चल, तिसरा मजला ना, माझीही पहिल्या दिवशी अशीच वाट लागली होती. ताई, तुझं नाव विचारायचंच राहिलं गं.

कुलूप आणायला मी विसरले होते, ते शेजारच्या रूममधून मिळालं, अजून परत केलेलं नाही, सॉरी.

आणि मेसच्या मावशी, तुम्ही पप्पांना बाहेर चहा नेऊन दिलात. ते घरी जाऊन आईला सगळ्यात आधी तेच सांगत होते.